भीतीवर मात करणारे बाबा आमटे



समाजाने वाळीत टाकलेल्या माणसांना ज्यांनी आपले मानले, त्यांत बाबा आमटे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. मुरलीधर देवीदास आमटे हे त्यांचे पूर्ण नाव. २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एका सधन जमीनदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. शिकार आणि मोटार यांचा त्यांना शौक होता. पुढे ते वकील झाले. १९४२ च्या चळवळीत पकडलेल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या बचावासाठी ते उभे राहिले. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे कष्ट कळावेत म्हणून त्यांनी स्वतः मैल्याची टोपली डोक्यावर वाहिली.

असे हे निर्भय बाबा एका पावसाळी रात्री मात्र घाबरले. रस्त्याकडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी मरणासन्न पडला होता. हातापायांची बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले. ते पाहून बाबा तेथून पळाले. पण या पळण्याची त्यांना लाज वाटली. ते परत आले, त्याच्यावर आडोसा उभारला आणि अखेरपर्यंत त्याची सेवा केली. खरा शत्रू रोगाइतकीच आपली भीती आहे, हे त्यांना त्या वेळी उमगले.

त्यानंतर त्यांनी कलकत्त्यास जाऊन या रोगाच्या उपचारांचे शिक्षण घेतले. कुष्ठरोगाचे जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हते. संशोधनास मदत व्हावी म्हणून बाबांनी ते स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही.

१९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. वरोऱ्याजवळ खडकाळ, विंचू-सापांची जमीन मिळाली. पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभे राहिले. १९५१ साली विनोबाजींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. भिक्षेऐवजी श्रम, हे तेथील सूत्र. रुग्णांनी विहिरी खोदल्या, शेती पिकवली, माग चालवले. बसवकल्याणच्या शरणांनी आपल्या भागाला कायकाची शिकवण दिली आहे, त्यामुळे श्रमातून मिळणाऱ्या सन्मानाचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. १९८५ साली बाबांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले.

बाबांनी काम सुरू केले तेव्हा या रोगावर औषधे अपुरी होती. आज तशी स्थिती नाही. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली बहुविध औषधोपचार पद्धती सहा किंवा बारा महिन्यांत रोग पूर्ण बरा करते. सरकारी दवाखान्यात ही औषधे मोफत मिळतात. उपचार सुरू होताच थोड्याच काळात संसर्गाची भीती राहत नाही. २००५ च्या अखेरीस देशात दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, ही पातळी गाठली गेली. याचा अर्थ रोग संपला असा नव्हे. अजूनही देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण आढळतात. दाटीवाटीची घरे आणि अपुरा आहार यांमुळे गरिबांनाच तो अधिक गाठतो, आणि लाजेपोटी तो लपवला जातो.

शाळेत आरोग्य तपासणी असली की मुलाला घरी ठेवण्याचा मोह काही पालकांना होतो, हे मी पाहिले आहे. त्यांना माझी नम्र विनंती आहे, असे करू नका. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर लगेच दाखवा. वेळेवर औषध घेतले तर व्यंग येत नाही. उशीर झाला तर बोटे व डोळे गमावण्याची वेळ येते. आणि मुलांनो, वर्गातल्या कोणाला असा चट्टा दिसला तर त्याच्यापासून बाक लांब सरकवू नका. बाबासुद्धा एकदा पळाले होते. पण ते परत आले, हे लक्षात ठेवा.

आपले,
मुख्याध्यापक