चौथी भट्टी

अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात, एका मळ्यावरील झोपडीत, १८५६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांचा जन्म झाला. आई गुलाम, म्हणून मुलगाही गुलाम. १८६५ साली यादवी युद्ध संपून गुलाम मुक्त झाले. परंतु त्या मुक्त माणसांपाशी ना जमीन होती, ना विद्या. कोवळ्या वयातच बुकरला मिठाच्या भट्टीवर आणि पुढे कोळशाच्या खाणीत राबावे लागले. काम करून शिकता येईल असे एक विद्यालय हॅम्प्टन येथे आहे, हे त्याच्या कानी पडले ते खाणीतच.

१८७२ साली तो घराबाहेर पडला. वाट सुमारे ५०० मैलांची. बरीचशी पायी तुडवून तो पोहोचला, तेव्हा खिशात अवघा अर्धा डॉलर उरला होता. मुख्य शिक्षिकेने त्या मळकट मुलाला प्रवेश न देता एक खोली झाडावयास सांगितले. बुकरने ती तीनदा झाडली, चारदा पुसली. बाईंनी भिंतींवरून व मेजांवरून हातरुमाल फिरवून पाहिला. धुळीचा कण सापडला नाही. हीच त्याची प्रवेशपरीक्षा ठरली.

१८८१ साली अलाबामा प्रांतातील टस्कीगी येथे नवे विद्यालय काढण्यासाठी वॉशिंग्टन यांना पाचारण झाले. सरकारने शिक्षकांच्या वेतनासाठी वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले होते. जागा वा इमारत मात्र नव्हती. एका पडक्या खोपटात ३० विद्यार्थ्यांनिशी शाळा भरली. पाऊस आला की एखादा विद्यार्थी गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरी. भोवतालच्या खेड्यांत हिंडताना त्यांना दिसले की, झोपडीच्या दारापर्यंत कापूस पेरलेला आहे, घरच्यापुरता भाजीपालाही नाही आणि येणारे पीक आधीच सावकाराकडे गहाण पडले आहे. केवळ पुस्तकी शिक्षणाने हा प्रदेश सावरणार नाही, हे त्यांनी ओळखले.

पालकांना हे रुचेना. पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने राबलेल्यांना शिक्षण म्हणजे कष्टांतून सुटका वाटावी, यात नवल ते काय? तेव्हा वॉशिंग्टन स्वतः कुऱ्हाड घेऊन रान तोडावयास पुढे झाले. इमारतीसाठी विटा हव्या होत्या आणि गावात वीटभट्टी नव्हती. गुडघाभर चिखलात उभे राहून मुलांनी विटा पाडल्या; काहींनी कंटाळून शाळाच सोडली. पहिली भट्टी बिघडली, दुसरीही बिघडली. तिसरी भाजून होत आली असता मध्यरात्री कोसळली. पैसा संपला होता. वॉशिंग्टन यांनी माँटगोमेरी शहरी जाऊन आपले घड्याळ १५ डॉलरना गहाण ठेवले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ मात्र सोडवता आले नाही.

त्या विटा उत्तम निघाल्या. पूर्वी शाळेकडे न फिरकणारे गोरे शेजारी त्या विकत घेण्यास येऊ लागले. पुढे सुतारकाम, लोहारकाम, गाड्या बांधणे असे कितीतरी उद्योग सुरू झाले. १८९६ साली आलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीत भुईमूग व चवळी घेण्यास शिकवले. १९०६ पासून अवजारांनी भरलेली शाळेची गाडी खेडोपाडी जाऊन शेतकऱ्यांना बांधावरच प्रात्यक्षिके दाखवू लागली.

मात्र ड्यू बॉइस यांच्यासारख्या विद्वानांनी १९०३ साली वॉशिंग्टन यांच्यावर कठोर टीका केली. उद्योग शिकवताना त्यांनी मताधिकार आणि उच्च शिक्षण यांचा आग्रह सोडला, हा आक्षेप निराधार नव्हता. १९०१ च्या संविधानाने अलाबामातील बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा मताधिकार खरोखरच हिरावला होता. हाताला कसब आले, तरी हक्कांचा झगडा पुढच्या पिढ्यांना लढावा लागला.

१४ नोव्हेंबर १९१५ रोजी टस्कीगी येथे वॉशिंग्टन यांचे निधन झाले. तोवर खोपटातील त्या शाळेत सुमारे १,५०० विद्यार्थी शिकत होते आणि शंभराहून अधिक इमारती उभ्या होत्या. विद्यालयाच्या आवारातील एका टेकडीवर त्यांची समाधी आहे. ती विटांची असून विद्यार्थ्यांनीच बांधलेली आहे.