थिओडोर लायमन

थिओडोर लायमन (२३ ऑगस्ट, १८३३ - ९ सप्टेंबर, १८९७) हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ, सेनाधिकारी व राजकारणी होते. भंगुर तारे (ब्रिटल स्टार) या कंटकचर्मी समुद्री प्राण्यांची शरीररचना व वर्गीकरण यांवरील संशोधनासाठी ते ओळखले जातात.

शिक्षण

लायमन यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉल्थम येथे झाला. त्यांचे वडील बॉस्टनचे महापौर होते. इ.स. १८५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्यांनी लुई अगासी यांच्या मार्गदर्शनाखाली प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. अगासी यांनी स्थापन केलेल्या तुलनात्मक प्राणिशास्त्र संग्रहालयातील भंगुर ताऱ्यांचा संग्रह हा पुढे त्यांच्या संशोधनाचा मुख्य आधार ठरला.

युद्धसेवा

अमेरिकन यादवी युद्धात सप्टेंबर १८६३ पासून युद्ध संपेपर्यंत ते जनरल जॉर्ज मीड यांचे साहाय्यक अधिकारी होते. या काळात त्यांनी पत्नीला लिहिलेली पत्रे इ.स. १९२२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. युद्धाच्या इतिहासाचे ती एक महत्त्वाचे साधन मानली जातात.

संशोधन

भंगुर ताऱ्याच्या शरीरात मध्यभागी चकती व तिच्यापासून स्पष्टपणे वेगळे दिसणारे, बहुधा पाच बाहू असतात. प्रत्येक बाहूच्या आत मणक्यांसारख्या अस्थिकांची रांग असते, तर बाहेरून वरच्या, खालच्या व दोन्ही बाजूंच्या पट्टिकांचे आवरण असते. बाजूंच्या पट्टिकांवर काटे असतात. लायमन यांनी या पट्टिका, काटे, दात व मुखाभोवतीचे उंचवटे यांची बारकाईने तुलना करून जाती व प्रजाती निश्चित केल्या.

इ.स. १८६५ मधील त्यांच्या ग्रंथात या प्राण्यांची दोनच कुले मानली होती. साध्या बाहूंचे भंगुर तारे ऑफियुरिडी कुलात, तर फांद्या फुटलेल्या किंवा वेटोळे घालणाऱ्या बाहूंचे तारे ॲस्ट्रोफायटिडी कुलात येत. ऑफियुरिडी कुल त्यामुळे अतिशय विस्तृत झाले होते. दोनच वर्षांनी स्वीडनचे ॲक्सेल युंगमन यांनी ॲम्फियुरिडी, ऑफियोकोमिडी, ऑफियोट्रिकिडी इत्यादी वेगळी कुले मांडली. ही विभागणी पुढे रूढ झाली आणि आज ऑफियुरिडी हे अनेक कुलांपैकी एक मर्यादित कुल आहे. कुलांची लायमन यांची मांडणी मागे पडली, तरी त्यांनी वर्णिलेल्या अनेक प्रजाती आजही ग्राह्य आहेत.

'चॅलेंजर' जहाजाच्या सागरी मोहिमेत (१८७२-१८७६) गोळा झालेल्या भंगुर ताऱ्यांवरील त्यांचा सचित्र अहवाल इ.स. १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. खोल समुद्रातील भंगुर ताऱ्यांच्या अभ्यासाचा तो पायाभूत ग्रंथ आहे.

सार्वजनिक कार्य

इ.स. १८६६ पासून अनेक वर्षे ते मॅसॅच्युसेट्सचे मत्स्य आयुक्त होते. इ.स. १८८३ ते १८८५ या काळात ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. प्रशासकीय सेवेतील सुधारणांचे ते पुरस्कर्ते होते. दीर्घ आजारानंतर नाहांट येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

खोल समुद्रात आढळणाऱ्या एका भंगुर ताऱ्याला वायव्हिल थॉमसन यांनी इ.स. १८७३ मध्ये ऑफियोम्युझियम लायमनी असे नाव दिले. ऑफियोम्युझियम ही प्रजाती स्वतः लायमन यांनीच स्थापिली होती.