उष्णता उचलून नेणारा पंप : लॉर्ड केल्विन

पेण-रोह्याकडच्या जुन्या कौलारू घरात एसी लावायचा विचार करताय? मग आधी लॉर्ड केल्विन यांची गोष्ट वाचा.

मूळ नाव विल्यम थॉमसन. जन्म १८२४, बेलफास्ट. दहाव्या वर्षी ग्लासगो विद्यापीठात, बाविसाव्या वर्षी तिथेच प्राध्यापक. तापमानाचं केल्विन हे एकक त्यांच्याच नावाचं.

१८५२ मध्ये त्यांनी इमारती गरम किंवा गार करायची एक युक्ती मांडली. नुसता कोळसा जाळून ऊब आणण्यापेक्षा बाहेरच्या हवेतली उष्णता पंपाने आत आणायची. इंधन कितीतरी कमी लागतं. गारवा हवा असेल तर उलट, आतली उष्णता बाहेर. हाच हीट पंप.

पुढे ते अटलांटिक समुद्राखालच्या तारेच्या कामात गुंतले. १८६६ मध्ये ती यशस्वी झाली आणि त्यांना 'सर' किताब मिळाला. १९०७ मध्ये ते गेले, तेव्हा हीट पंप घरोघरी पोचलाच नव्हता.

आज आपला एसी याच तत्त्वावर चालतो. पण बाहेरची गरम हवा कौलांच्या फटींतून आत शिरते, मशीन चालतच राहतं आणि बिल वाढतं. म्हणून आधी एका खोलीला आतून छत करून घ्या, दार-खिडक्यांच्या फटी बुजवा. किती टनाचा एसी घ्यायचा, ते त्यानंतर ठरवा.