डॉक्टर मॉरिस रेनो

पौष महिन्यांत आळेफाट्यावर पहांटेची थंडी कशी झोंबते, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. अशा वेळीं बोटें गारठणें स्वाभाविकच होय. परंतु कोणाकोणाचीं बोटें गार पाण्याचा स्पर्श होतांच मेणासारखीं पांढरीं व बधिर होतात, मग निळीं पडतात, आणि ऊब मिळाली म्हणजे लाल होऊन ठणकतात. असा विद्यार्थी लेखणी धरीना, तर त्यास आळशी समजण्यांत येतें. ह्या विकारास ज्या फ्रेंच वैद्याचें नांव मिळालें, त्याचें चरित्र म्हणूनच आपण वाचावें.

मॉरिस रेनो ह्यांचा जन्म ता. १० ऑगस्ट १८३४ रोजीं पॅरिस शहरीं झाला. वडील प्राध्यापक होते, आणि व्हेर्नुआ नांवाचे नामांकित वैद्य त्यांचे आप्त होते. त्यांच्या साह्यानें मॉरिस वैद्यकाकडे वळले. सन १८६२ मध्यें, वयाची तिशीहि उलटली नसतां, त्यांनीं पदवीसाठीं जो प्रबंध लिहिला, त्यांत अशा २५ रोग्यांची हकीकत होती. कित्येकांच्या बोटांचीं टोंकें काळीं पडून झडलीं होतीं. मोठी रक्तवाहिनी कोठें बंद पडल्याचें न आढळतां दोन्ही हातांस सारखीच पीडा कां व्हावी, हें कोडें होतें. थंडीनें किंवा मनाच्या क्षोभानें मज्जातंतू अतिशय उत्तेजित होतात व बारीक रक्तवाहिन्या आवळून धरतात, असा उलगडा रेनो ह्यांनीं केला. सन १८७४ मध्यें त्यांनीं ह्याच विषयावर पुनः लिहिलें.

ते विद्याव्यासंगी व श्रद्धाळू ख्रिस्ती होते. नाटककार मोलिएर ह्याच्या काळच्या वैद्यांवर त्यांनीं ग्रंथ लिहिला. सन १८७९ मध्यें वैद्यक अकादमीचें सभासदत्व त्यांस मिळालें. परंतु वैद्यकाच्या इतिहासाचें अध्यापकपद मिळावें, ही इच्छा अपुरीच राहिली. हृदयविकारानें ता. २९ जून १८८१ रोजीं त्यांचें देहावसान झालें. वैद्यकांतील संशयवृत्तीवर त्यांनीं तयार केलेला निबंध त्याच वर्षीं ऑगस्टांत लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेंत दुसऱ्यानें वाचून दाखविला.

पुढें त्यांच्या उलगड्यावरहि संशय घेण्यांत आला. सन १९२९ च्या सुमारास इंग्लंडांत थॉमस लुईस ह्यांनीं प्रयोग करून दोष बोटांतील रक्तवाहिन्यांतच असल्याचें प्रतिपादन केलें. तंतू व वाहिन्या ह्या दोहोंचाहि त्यांत भाग असतो, असें आज मानतात. तथापि रेनो ह्यांनीं डोळ्यांनीं पाहून जें टिपून ठेविलें, तें अढळ राहिलें.

पालकांनीं इतकें ध्यानांत ठेवावें. हा विकार बहुधा सौम्य असतो. हातमोजे, अंगभर उबदार कपडे व तंबाखूचा त्याग ह्यांनीं पुष्कळ आराम पडतो. बधिर बोटें शेकोटीवर धरूं नयेत, कारण भाजल्याचें कळत नाहीं. तीं कांखेंत अगर कोमट पाण्यांत ऊब द्यावीं. कित्येकदां हा दुसऱ्या एखाद्या आजाराची पूर्वसूचना असतो. म्हणून बोटांवर जखमा झाल्यास, किंवा एकाच हातास त्रास असल्यास, डॉक्टरांस अवश्य दाखवावें.

आणि विद्यार्थिमित्रहो, वर्गांतील सोबत्याचीं बोटें पांढरीं पडलेलीं दिसलीं, तर त्यास हंसूं नका. रेनो ह्यांची थोरवी हीच कीं, दुसऱ्याचें दुःख त्यांनीं खरें मानलें, आणि मगच त्याचें कारण शोधिलें.