जान ज्युगाँ

जान ज्युगाँ (२५ ऑक्टोबर १७९२ – २९ ऑगस्ट १८७९) या निराधार वृद्धांचा सांभाळ करणाऱ्या ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या कॅथलिक धर्मभगिनींच्या संघाच्या फ्रेंच संस्थापिका होत्या.

प्रारंभिक जीवन

ज्युगाँ यांचा जन्म फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात, कांकाल या मासेमारीच्या गावी झाला. वडील समुद्रावर गेले ते परतलेच नाहीत. त्या वेळी जान चार वर्षांच्याही नव्हत्या. सोळाव्या वर्षी त्या एका सरदार घराण्यात स्वयंपाकघरात कामास लागल्या. १८१७ मध्ये त्या सें-सेर्व्हां येथे गेल्या आणि तेथील रुग्णालयात सुमारे सहा वर्षे त्यांनी रुग्णसेवा केली. पुढे सुमारे बारा वर्षे त्या एका अविवाहित स्त्रीच्या घरी नोकरीस होत्या.

वृद्धसेवा

१८३९ च्या हिवाळ्यात ज्युगाँ यांनी आन शोव्हँ या अंध व पक्षाघाताने अधू झालेल्या वृद्ध विधवेस आपल्या भाड्याच्या घरी आणले. तिला त्यांनी स्वतःचा पलंग दिला आणि आपण माळ्यावर झोपू लागल्या. लवकरच आणखी वृद्धा आश्रयास आल्या. १८४१ मध्ये सुमारे बाराजणींसाठी मोठी जागा भाड्याने घेण्यात आली, तर १८४२ मध्ये एक जुना मठ विकत घेऊन सुमारे चाळीसजणींची सोय करण्यात आली.

यांपैकी अनेकजणी पूर्वी भीक मागून जगत असत. त्यांना पुन्हा दारोदार जावे लागू नये, म्हणून ज्युगाँ स्वतः टोपली घेऊन त्यांच्याच दात्यांकडे जात आणि अन्न, कपडे व पैसे गोळा करीत. या कार्याबद्दल फ्रेंच अकादमीने १८४५ मध्ये त्यांना माँत्याँ पुरस्कार दिला.

पदच्युती व उत्तरायुष्य

डिसेंबर १८४३ मध्ये सहकारी भगिनींनी ज्युगाँ यांना प्रमुखपदी पुन्हा निवडले. मात्र संघाचे मार्गदर्शक धर्मगुरू ओग्युस्त ल पायर यांनी ती निवड रद्द करून तरुण मारी जामे यांची नेमणूक केली. पुढे ल पायर हेच संस्थापक म्हणून ओळखले जाऊ लागले. तरीही ज्युगाँ यांनी देणग्या मिळवण्याचे काम सुरूच ठेवले आणि नव्या आश्रमांच्या उभारणीस हातभार लावला. १८५२ मध्ये त्यांना त्या कामावरूनही परत बोलावण्यात आले. अखेरची सत्तावीस वर्षे त्यांनी कोणत्याही अधिकारपदाविना काढली. सें-पेर्न येथील मुख्य मठात त्यांच्यासोबत राहणाऱ्या तरुण दीक्षार्थिनींना आपल्यातील ही वृद्ध भगिनीच संघाची संस्थापिका आहे, याची कल्पना नव्हती. तेथेच वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वेळी संघात सुमारे २,४०० भगिनी होत्या.

वारसा

रोमने केलेल्या चौकशीनंतर १८९० मध्ये ल पायर यांना संघापासून दूर करण्यात आले. कालांतराने संस्थापिका म्हणून ज्युगाँ यांचे स्थान मान्य झाले. १९८२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केले, तर ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद दिले. संघाचे वृद्धाश्रम आज भारतासह अनेक देशांत आहेत.