‘मंदिर’ आणि शरच्चंद्रांचे अज्ञात लेखकपण

मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरच्चंद्र चट्टोपाध्याय हे नाव मराठी वाचकाला इतके घरचे वाटते, की हा लेखक कधीकाळी स्वतःचे नाव कागदावर लिहिण्यास कचरत होता, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. त्यांची छापली गेलेली पहिली कथा एका स्पर्धेसाठी पाठविलेली होती. तिला पहिले पारितोषिकही मिळाले. मात्र ते दुसऱ्याच्या नावावर. शरच्चंद्रांच्या चरित्रात ह्या घटनेला बहुधा एखाद्या गमतीच्या आख्यायिकेचे स्थान दिले जाते. ते तिच्यावर अन्याय करणारे आहे.

शरच्चंद्रांचा जन्म १५ सप्टेंबर १८७६ रोजी हुगळी जिल्ह्यातील देवानंदपूर येथे झाला. वडील मतिलाल हे लेखनाची हौस असलेले, परंतु हाती घेतलेले काहीही तडीस न नेणारे गृहस्थ होते. अर्ध्यावर सोडलेल्या त्यांच्या कथा-कादंबऱ्या मुलाने लहानपणी वाचल्या आणि त्यांचे शेवट काय असतील ह्याचा विचार करीत रात्री जागविल्या. संसार चालेना म्हणून कुटुंब भागलपूरला मातुलगृही आश्रयाला राहिले. १८९४ मध्ये शरच्चंद्र प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले, पण पुढील परीक्षेच्या शुल्काची सोय होऊ न शकल्याने महाविद्यालयीन शिक्षण तेथेच संपले. ह्याच भागलपुरात त्यांच्याभोवती तरुणांचे एक साहित्यमंडळ जमले. विभूतिभूषण भट्ट, त्यांची भगिनी निरुपमा देवी, नात्याने मामा परंतु वृत्तीने मित्र असलेले सुरेंद्रनाथ व गिरींद्रनाथ गंगोपाध्याय हे त्यातील प्रमुख. ‘छाया’ हे त्यांचे हस्तलिखित मासिक. ‘देवदास’, ‘बडदिदी’ ह्यांसारख्या कृतींचे पहिले खर्डे ह्याच काळातले आहेत. लेखन वहीत राहावे, ते आप्तमित्रांनी वाचावे, एवढ्यावर लेखक तृप्त होता.

ही तृप्ती मोडण्याचे काम एका केशतेलाने केले. कलकत्त्याचे उद्योजक हेमेंद्रमोहन बसू ह्यांनी ‘कुंतलीन’ तेल आणि ‘देलखोश’ अत्तर ह्यांच्या प्रसिद्धीसाठी १८९६ मध्ये ‘कुंतलीन पुरस्कार’ ही कथास्पर्धा सुरू केली होती. अट मोठी चतुराईची होती. कथेत ह्या दोन उत्पादनांचा उल्लेख हवा, पण कथा जाहिरात वाटता कामा नये. पहिल्याच वर्षी जगदीशचंद्र बसू ह्यांनी ह्या स्पर्धेसाठी केशतेलाच्या बाटलीने समुद्रावरील वादळ शमविणारी कथा लिहिली. बंगाली विज्ञानकथेच्या इतिहासात ती आज आरंभीची म्हणून गणली जाते. व्यापाऱ्याच्या पैशाने वाङ्मय भ्रष्ट होते असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

१९०२च्या सुमारास शरच्चंद्र कलकत्त्यात नातलगांकडे राहून अर्थार्जनाची खटपट करीत होते आणि ब्रह्मदेशात नशीब काढण्याच्या विचारात होते. सुरेंद्रनाथांच्या आग्रहावरून त्यांनी ‘मंदिर’ ही कथा लिहिली. ती स्पर्धेला गेली, पण लेखक म्हणून नाव घातले ते सुरेंद्रनाथांचेच. जानेवारी १९०३ मध्ये ते रंगूनला रवाना झाले. सुमारे दीडशे कथांमधून परीक्षक जलधर सेन ह्यांनी ‘मंदिर’ सर्वश्रेष्ठ ठरविली. पारितोषिक पंचवीस रुपयांचे होते. त्याच वर्षी कथा छापली गेली आणि बंगालने एका नव्या लेखकाचे कौतुक केले. तो लेखक मात्र तो नव्हता.

कथेकडे पाहिले असता स्पर्धेची अट तिने कशी पचविली आहे हे लक्षणीय वाटते. अपर्णा ही देवपूजेत रमलेली जमीनदारकन्या. पतीच्या प्रेमाच्या भेटींकडे तिचे लक्ष जात नाही आणि वैधव्यानंतर ती पुन्हा आपल्या मंदिराकडे परतते. कुंभारांच्या संगतीत मातीची चित्रे रंगविण्यात वाढलेला शक्तिनाथ हा दुबळा ब्राह्मणपुत्र त्या मंदिराचा पुजारी होतो. तो कलकत्त्याहून अत्तराच्या बाटल्या तिच्यासाठी आणतो. ती त्या झिडकारते. त्याच्या मृत्यूनंतर, टाकून दिलेली तीच भेट ती देवाच्या चरणी ठेवते. ज्या वस्तूची भलामण व्हावी म्हणून स्पर्धा भरविली, ती वस्तू येथे नाकारलेल्या प्रेमाचे रूप घेते. कथा काढून घ्या, अत्तर उरते. अत्तर काढून घ्या, कथाच उरत नाही. वर्णनात कोवळेपणा आहे, शेवट थोडा घाईचा आहे. पण पुढील शरच्चंद्रीय नायिकेची आणि उपेक्षित पुरुषाची पहिली रेखा येथे स्पष्ट दिसते.

मग नाव का लपविले? संकोच हे उत्तर पुरेसे नाही. टोपणनाव घेणाऱ्याला आपले श्रेय कधीतरी परत घेता येते. मराठीत १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारायण विनायक जगताप ह्या नावाने कथा पाठविली, तेव्हा स्वतःचीच आद्याक्षरे त्यांनी उलट फिरविली होती. आपल्या कीर्तीचा परीक्षकावर प्रभाव पडू नये, हा हेतू. शरच्चंद्रांजवळ लपविण्याजोगी कीर्तीच नव्हती. त्यांनी खऱ्या, हयात माणसाचे नाव दिले, म्हणजे श्रेय दानच केले. ज्याला घर नाही, पदवी नाही, नोकरी नाही, अशा सव्विशीतल्या तरुणाला लेखक ही ओळख अंगावर घेण्याचा धीर झाला नसावा. पित्याचे अपुरे राहिलेले लेखनही त्याच्या डोळ्यांपुढे असणारच.

रंगूनमधील वर्षे हिशेबखात्यातील कारकुनीत गेली. १९०७ मध्ये ‘भारती’ मासिकाने जुन्या वहीतील ‘बडदिदी’ त्यांच्या नकळत प्रसिद्ध केली. आरंभीच्या हप्त्यांवर लेखकाचे नाव नव्हते. अनेकांनी ती रवींद्रनाथांची मानली. १९१२ मध्ये घराला लागलेल्या आगीत ‘चरित्रहीन’चे हस्तलिखित जळाले आणि ते पुन्हा लिहावे लागले. १९१३ मध्ये ‘यमुना’ मासिकातून ते स्वतःच्या नावाने नियमित लिहू लागले, तरी ‘नारीर मूल्य’ हा निबंध त्यांनी थोरल्या बहिणीच्या, अनिला देवीच्या नावाने दिला. जुनी सवय सहजासहजी सुटली नाही. त्याच वर्षी निघालेल्या ‘भारतवर्ष’ मासिकाच्या संपादकांत जलधर सेन होते. दहा वर्षांपूर्वी ज्याची कथा त्यांनी नाव न जाणता निवडली होती, तोच आता त्यांच्या मासिकाचा आधारस्तंभ झाला. ‘चरित्रहीन’ मात्र ह्याच मासिकाने नाकारली.

१९१६ मध्ये शरच्चंद्र ब्रह्मदेश सोडून बंगालला परतले. पुढे कलकत्ता विद्यापीठाचे जगत्तारिणी पदक (१९२३) आणि ढाका विद्यापीठाची डी. लिट. (१९३६) हे सन्मान त्यांना लाभले; १६ जानेवारी १९३८ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. ‘मंदिर’ त्यापूर्वीच, १९१७ मध्ये, ‘काशीनाथ’ ह्या संग्रहात समाविष्ट झाली होती. स्पर्धेनंतर चौदा वर्षांनी ह्या कथेवर तिच्या लेखकाचे नाव आले.