रॉबर्ट गॉडार्ड

रॉबर्ट हचिंग्ज गॉडार्ड (५ ऑक्टोबर, १८८२ - १० ऑगस्ट, १९४५) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते. द्रव इंधनावर चालणारे जगातील पहिले रॉकेट त्यांनी उडविले.

जीवन

गॉडार्ड यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथे झाला. १९ ऑक्टोबर १८९९ रोजी चेरीच्या झाडावर फांद्या छाटत असताना त्यांना मंगळापर्यंत जाणाऱ्या यानाची कल्पना सुचली. हा दिवस ते आयुष्यभर पाळत असत. १९११ मध्ये त्यांनी क्लार्क विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली. १९१३ मध्ये त्यांना क्षयरोग झाला. त्यातून ते बचावले. १९१४ मध्ये त्यांना द्रव इंधनाच्या व बहुटप्पी रॉकेटची पेटंटे मिळाली. बहुटप्पी रॉकेटमध्ये इंधन संपलेला टप्पा गळून पडतो व उरलेल्या भागावरील निरुपयोगी भार कमी होतो.

उपहास

स्मिथसोनियन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या १९१९ च्या प्रबंधात गॉडार्ड यांनी चंद्रावर रॉकेट धाडून तेथे प्रकाशभुकटी पेटविण्याची शक्यता मांडली. रेटण्यासाठी हवा नसल्याने निर्वात अवकाशात रॉकेट चालणार नाही, असे सांगून न्यूयॉर्क टाइम्सने १३ जानेवारी १९२० च्या अग्रलेखात त्यांची टर उडविली. वस्तुतः मागे फेकल्या जाणाऱ्या वायूंच्या प्रतिक्रियेमुळे रॉकेट पुढे जाते आणि गॉडार्ड यांनी ते निर्वात नळीतील प्रयोगांनी पडताळले होते. या टीकेनंतर ते प्रसिद्धीपासून दूर राहू लागले.

चंद्राविषयीच्या कल्पना

मार्च १९२० मध्ये त्यांनी स्मिथसोनियनला आणखी एक अहवाल पाठविला. चंद्रावरच हायड्रोजन व ऑक्सिजन तयार करून इंधन म्हणून वापरावेत, असे त्यात सुचविले होते. त्यासाठी त्यांनी ध्रुवप्रदेश निवडला. तेथील विवरांत पाण्याचा अंश टिकून असू शकेल आणि सतत उन्हात राहणाऱ्या शिखरावर सौरऊर्जा केंद्र उभारता येईल, असे त्यांचे मत होते.

प्रयोग

१६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न येथील एका शेतात पेट्रोल व द्रव ऑक्सिजनवर चालणारे त्यांचे रॉकेट उडाले. ते अडीच सेकंदांत सुमारे १२.५ मीटर उंच गेले. १९३० पासून गुगेनहाइम कुटुंबाच्या आर्थिक साहाय्याने त्यांनी न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे प्रयोग केले. रॉकेटची दिशा राखण्यासाठी त्यांनी जायरोस्कोपचा उपयोग केला.

मृत्यू व सन्मान

बाल्टिमोर येथे घशाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर एकूण २१४ पेटंटे असून त्यांतील बरीचशी पत्नी एस्थर यांच्या प्रयत्नांमुळे मरणोत्तर मिळाली. नासाच्या मेरीलँडमधील अंतराळ केंद्रास त्यांचे नाव आहे. अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ रोजी, न्यूयॉर्क टाइम्सने आपली चूक मान्य केली.